खोबरची बस कोण चालवणार

सोम., १२ जाने.
आज माझ्या फिजिओ क्लिनिकमध्ये डॅरनचे गुडघे. लेकीच्या, रेवाच्या, शाळेतल्या मुलींच्या टीमचा कोच. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा तो फुटबॉल. कॅनडात नऊ सीझन पगारी खेळाडू होता. पगार म्हणजे काय, तर एवढासा; हिवाळ्यात बर्फ उपसायचा ट्रक चालवावाच लागे. एका सकाळी लॉकरवरचं नाव काढलेलं दिसलं, तीच निवृत्ती. सांगताना हसला. मला नाही हसू आलं.
डोक्याला मार बसला की टीमचा डॉक्टर बोटं दाखवायचा. नेहमी दोनच. म्हणून सगळे न बघताच 'दोन' म्हणायचे आणि परत मैदानात.

शनि., १७ जाने.
आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या वसाहतीच्या, मैदानावर सराव सामना. इथे अमेरिकन नियम, चेंडू पुढे न्यायला चार संधी. कॅनडात तीनच. त्यामुळे तिकडे दोन फसल्या की तिसरीला लाथ मारून चेंडू लांब पाठवून देतात. डॅ.ने आज ओरडून तिसरीलाच लाथ मारायला लावली. हातातला चेंडू फुकट गेला. पोरी बघतच राहिल्या, चारचा नियम त्यानेच शिकवलेला. मग म्हणाला, "जुनी सवय."
असेल. जित्याची खोड.
पण नंतर पार्किंगमध्ये स्वतःची गाडी शोधत फिरत होता. गाडी समोर उभी.
रेवा: "ही'ज ओल्ड, आई. चिल."

रवि., १८ जाने.
डॅ.ला सरळ विचारलं, विसरायला होतं का. आधी थट्टा. मग म्हणाला, "डॉक, शाळा माझी कफील आहे, माझा व्हिसा त्यांच्या हातात. त्यांना कळलं की इकामा खलास, इथे राहायचा परवानाच गेला. घरी जाऊन काय करू? बर्फ उपसू?" माझा हात धरून ठेवला. त्याची बोटं सगळी वाकडी झालेली. फार वाईट वाटलं.
मेंदूच्या डॉक्टरला दाखव म्हटलं. तर, "सीझन संपू दे."

मंगळ., २० जाने.
राहवलं नाही, विनयला सांगितलं. "नसत्या उठाठेवी कोणी सांगितल्यात तुला? पेशंटची गोष्ट. त्याची नोकरी जाईल."
बरोबरच आहे नवऱ्याचं. पण शुक्रवारी खोबरला मॅच, आणि शाळेची मिनीबस डॅ. चालवणार. चार तासांचा हायवे, मागे सगळ्या पोरी. हे ऐकल्यावर वि.चा घास हातातच राहिला.
"मग रेवाला पाठवू नकोस."
आणि बाकीच्या? त्या काय कुणाच्या लेकी नाहीत?
चिडचिड. चहात दोनदा साखर घातली.

गुरु., २२ जाने.
सकाळी डॅ.ला फोन. बस दुसऱ्या कुणाला चालवू दे म्हटलं. "यल्ला, डॉक, चल, सोड ना! मी बर्फात ट्रक हाणलाय." फोन ठेवला.
कामात लक्ष नाही. एका बाईंचा दुखरा खांदा डावा, मी शेक दिला उजव्याला. त्या बिचाऱ्यांनी हळूच डावा पुढे केला.
शाळेत सांगायचं तर त्याच्या पोटावर पाय येतो. न सांगावं तर उद्या...
शेवटी दुपारी त्याच्या बायकोला, जोॲनला, फोन लावला. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. घाबरवायचं नाही. शाळेचं नाव काढायचं नाही. एवढंच म्हणायचं, उद्या त्याला बसची किल्ली देऊ नकोस.
पहिल्याच रिंगला उचलला. माझं हॅलो निघायच्या आत तिने विचारलं, "कुठे सापडला तो?"
"माझ्याकडे नाहीये तो," मी म्हटलं.