पाहुणीला नुसती कॉफी

ला कार्पियो, सान होसे
१९ नोव्हेंबर

प्रिय आई,

तुझा आशीर्वाद असू दे. मागच्या चिठ्ठीत तू विचारलं होतंस, "ते लोक तुम्हाला राहू देतात, तर काम का करू देत नाहीत? राहणारा माणूस जेवत नाही का?" आई, याचं उत्तर मला देता येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, समाजकार्याचे सगळे पेपर पहिल्या फटक्यात सुटलेली, आणि तुझ्या या एका प्रश्नापुढे मी धडा न आलेल्या पोरीसारखी फळ्यासमोर उभी आहे. हाच प्रश्न मी इथल्या ऑफिसांत तीन वेगवेगळ्या लोकांना विचारला. तिघांनी मला तीन वेगवेगळ्या खिडक्या दाखवल्या.

हे पत्र बसवाल्या इलारियोकाकांच्या हाती पाठवते आहे. फोनवर सगळं बोलता येत नाही, तुमच्या बाजूला कोण कान लावून बसलंय कोणास ठाऊक. बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना रात्री ओसरीवर झोपू देऊ नकोस. माझी तब्येत चांगली आहे. इथे पाऊस ओसरला, पण गल्लीतला चिखल अजून वाळलेला नाही. जोसेफामावशी तुझी खूप आठवण काढते. म्हणते, "तुझ्या आईने तुला बाप्तिस्म्याला माझ्या हातात दिलं, ते परत घ्यायचं विसरली."

मावशीचंच सांगायचं आहे.

तिला इथल्या मदत केंद्राकडून दर महिन्याला मदत मिळत होती, तुला माहीत आहे. या देशात आश्रयाचा अर्ज केलेला, काम करायची परवानगी नाही, साखरेचा आजार, पायाला जखम. त्या मदतीत आमच्या खोलीचं भाडं निघायचं. मी त्याच केंद्रात लोकांचे अर्ज भरून द्यायला बसते. आतापर्यंत फुकट बसत होते, कारण माझीही परवानगी आलेली नव्हती. केंद्राचे प्रमुख हेरार्दोसाहेब म्हणायचे, तुझी परवानगी आली की टेबल तुझं, पगारासकट. तू गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंस की पोरगी ऑफिसात आहे. मीही तुला अडवलं नाही.

ज्यांना मदत मिळते त्यांच्या घरी अधूनमधून केंद्रातून कोणीतरी येऊन बघून जातं. मावशीकडे फिओरेया नावाची मुलगी येणार होती. माझ्याच वयाची, इथलीच, बोलायला गोड. शुक्रवारी येऊ की शनिवारी, असं तिने विचारलं. मावशीने शनिवार सांगितला.

मी मावशीला हात जोडून म्हटलं होतं, खुर्ची पुसून ठेव, औषधाच्या बाटल्या दिसतील अशा ठेव आणि फक्त कॉफी दे.

"नुसती कॉफी?" मावशी म्हणाली. "शनिवारी? घरी आलेल्या बाईला? तुझ्या कॉलेजात हेच शिकवलं का गं?"

तुला पुढचं सांगायला नको. शुक्रवारी दुपारपासून परसात पत्र्याच्या पिंपाखाली लाकडं पेटली. पीठ चरबीत आणि आंबट संत्र्याच्या रसात मळलं गेलं. शेजारची त्रान्सितो केळीची पानं घेऊन आली, कुणी बटाटे आणले, कुणी पुदिना, कुणी डुकराच्या मांसातला आपला वाटा. चौघी-पाचजणी विस्तवावर पानं नरम करत, दोऱ्या बांधत, नवऱ्यांना शिव्या देत बसल्या. आपल्याकडे असे पानात बांधलेले चारच नकातामाल कोण करतं? केले तर पिंपभर करायचे आणि ज्याचं ताट येईल त्याला द्यायचे. तिकडे आपल्या चिनांदेगात तू हेच करत होतीस. मावशीही आपल्या घरी हेच करत होती, तिच्या दारावर ते लोक काळ्या रंगात धमकी लिहून जाईपर्यंत.

फिओरेया आली तेव्हा पिंपावरचं झाकण नुकतंच काढलं होतं. मावशीने तिला पानासकट ताटात वाढलं, सोबत पाव आणि कॉफी. तिने चवीने खाल्लं, दुसरा मागून घेतला. जाताना तिच्या आईसाठी दोन बांधून दिले, तेही घेतले. ती बसलेली असताना मागच्या दाराने गल्लीतल्या बायका ताटं घेऊन येत होत्या, घेऊन जात होत्या. फिओरेयाने सहज विचारलं, इतके कोणासाठी हो, जोसेफाबाई?

आणि आई, आपली मावशी छाती फुगवून म्हणाली, "पोरी, शनिवारी या गल्लीत कुणाची चूल पेटत नाही, ती माझ्यामुळे."

मी तिथेच उभी होते. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला. इतकी मी भोळी.

दहा दिवसांनी मदत बंद झाली. कारण काय, तर घरी विक्रीसाठी खाद्यपदार्थ बनवले जातात, उत्पन्नाची माहिती दडवली आहे. शिवाय परवानगीशिवाय काम करते, असा शेरा मारला, तो वेगळाच. तो शेरा आश्रयाच्या अर्जापर्यंत पोहोचला तर काय होईल, हे मला समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती. असे अर्ज मीच भरते.

मी हेरार्दोसाहेबांच्या खोलीत गेले. रागाने गेले, पण आवाज खाली ठेवला, कारण तुझी शिकवण. म्हटलं, मावशीने आयुष्यात कधी नकातामाल विकलेला नाही.

"मग एवढे खातं कोण?"

"गल्ली खाते."

"आणि गल्ली काहीच देत नाही?"

"देते ना. केळीची पानं देते. बटाटे देते."

"म्हणजे मोबदला," ते म्हणाले, आणि पेन उचललं.

ते वाईट माणूस आहेत असं मी लिहिणार नाही. थकलेला माणूस आहे, त्यांनाही वरून विचारतात. पण मला एवढंच कळेना, की ज्या बाईला काम करायला बंदी आहे तिने हात मांडीवर ठेवून बसावं तर ती आळशी, आणि शेजाऱ्याला जेवू घालावं तर ती व्यापारी. मग तिने करायचं काय? कुठल्या तऱ्हेने बसलं म्हणजे गरीब आणि प्रामाणिक दिसतं, ते तरी भिंतीवर लिहून लावा. मी हे असंच बोलले. ते म्हणाले, हरकत घेता येते, निकालाला सहा-आठ महिने लागतात. मी विचारलं, तोवर भाडं? त्यांनी फाइल मिटली.

मग ते म्हणाले, "याओस्का, हे प्रकरण तुझ्या घरचं आहे, यात तू पडू नकोस. तुझी परवानगी आली ना? सोमवारपासून टेबल तयार आहे. घरभेटी तुझ्याकडे देतो. तुम्हा लोकांची घरं तुझ्याइतकी कुणाला कळणार?"

हो आई, माझी परवानगी आली आहे. तीन आठवडे झाले. तुला कळवली नाही, कारण पुढचं काय कळवायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

त्या रविवारी मावशी खोलीत सामान बांधायला लागली. दोन झगे, देवमातेची तसबीर, औषधं. म्हणाली, इलारियोकाकांच्या बसने सीमेपर्यंत जाते, पुढचं पुढे बघू, तुझ्यावर भार नको. मी म्हटलं, मावशी, तुझ्या दारावर काय लिहिलंय विसरलीस? तर म्हणे, "दार रंगवता येतं." मी तिची पिशवी उलटी केली आणि सगळं परत खुंटीला लावलं. ती रडली नाही. मला मात्र म्हणाली, "चूक माझीच. नुसती कॉफी द्यायला हवी होती."

आई, त्या वाक्याने माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शमलेला नाही. सीमा ओलांडली, घर गेलं, माणसं गेली, त्याचं तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही. आणि पाहुणीला जेवू घातल्याची लाज तिला वाटावी? ही लाज तिच्या मनात कुणी घातली? आणि सोमवारपासून ती दुसऱ्यांच्या मनात घालायचं काम मी करायचं? दार वाजवायचं, गोड बोलायचं, वाढलेलं खायचं, आणि चुलीवरचं पातेलं केवढं आहे ते लक्षात ठेवून परत यायचं. कारण आमची घरं मला कळतात.

सोमवारी मी टेबलावर बसले नाही. मावशीच्या हरकतीचा अर्ज लिहिला, साक्षीदार म्हणून खाली माझं नाव घातलं, पानं-बटाट्यांसकट सगळं मांडलं, आणि तो हेरार्दोसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी नाव वाचलं. म्हणाले, आता टेबल देता येणार नाही, कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय.

तिथून पालिकेत गेले. पुढच्या आठवडाभरात अन्न हाताळायचं प्रशिक्षण घेतलं, डॉक्टरचा दाखला आणला, परवाना माझ्या नावाने काढला. माझ्या नावाने, कारण कायद्याने हात हलवायची मुभा सध्या आमच्या घरात माझ्या हातांना आहे. खोलीही माझ्या नावावर करून घेतली. मावशी आता माझी पाहुणी आहे, आणि पाहुणीला काम सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, हे कुणी विचारलं तर मी ठणकावून सांगेन. ती पाटावर बसून पिठाला नावं ठेवते, तेवढं पुरतं.

पण त्याआधी ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. नकातामाल विकायचे, आणि तेही त्रान्सितोला? तिच्याच पानातले? "तुझी आई ऐकेल तर तुला दारात उभं करणार नाही." शेवटी आमचं असं ठरलं, की पुढच्या दाराने येईल तो गिऱ्हाईक. मागचं दार मावशीचं. तिथे ताट येईल आणि भरून जाईल, पहिल्यासारखं.

तू गल्लीत सांगितलं आहेस की पोरगी ऑफिसात आहे. आता खरं ते सांग. लाजून सांगू नकोस. कुणी विचारलं, एवढं शिकून हेच का, तर म्हण, शिकली म्हणूनच परवाना कसा काढायचा ते तिला कळलं. बाबांना मात्र हळू सांग.

केंद्रवाले म्हणाले आम्ही विकतो. बरं, विकतो. या मंगळवारी मी लाकडी फळीवर लाल रंगाने "नकातामाल मिळतील" असं लिहिलं, खाली माझं पूर्ण नाव, तुझ्या आडनावासकट, आणि पुढच्या दारावर ठोकली. या शनिवारी पिंप दुपारीच रिकामं झालं.

मागच्या दारावर मी काही लिहिलेलं नाही.

तुझी मुलगी,
याओस्का
(आधी पानावर बस, मावशी मला म्हणते. जेवल्याशिवाय पत्र पाठवायचं नाही.)