शेवंताचा गाल आणि येणारा-जाणारा श्वास

नांदुरा, बुधवार, १४ ऑक्टोबर १९६४

खेळाच्या सरांनी आज शेवंताच्या कानाखाली वाजवली. का, तर खो मिळायच्या आधीच ती चौकोनातून उठली. गालावर पाच बोटं उमटली.

ही पोर घाबरली की उठते, हे मी महिनाभर सांगतेय. म्हणून तर सरावाआधी खो-खोच्या मुलींना डोळे मिटून बसवत होते. विहारात भन्तेंनी मला शिकवलं तसंच: येणारा-जाणारा श्वास पाहायचा, बस. शेवंताचं चुकून उठणं किती कमी झालं होतं!

हे मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, पोरींले झोपवून राह्यल्या का तुम्ही? तुमचं विहारातलं विहारात ठेवा. उद्यापासून बंद. अन् ही पुन्हा उठली तं संघातून काढतो."

शिस्त म्हणजे ती पाच बोटं? आणि श्वास म्हणजे धर्म? सर स्वतः श्वास घेत नाहीत का? घरातली पहिली बी. ए. झाले, ती "हो सर" म्हणायला? तरी तसंच म्हटलं मी. तेच जास्त झोंबतंय.

निघताना शेवंता मागून धावत आली. "बाई, डोये उघडे ठेवून करू ना. चौकोनात तं तसंही बसाच लागते. सरले का समजते!"

हसले. मग पुन्हा चिडले. पोरीनं स्वतःचा श्वासही चोरून पाहायचा? नाही. उद्या सरांच्या समोर, मैदानाच्या मधोमध, आधी मीच डोळे मिटून बसणार.