हलकं काम

३ मार्च, सोमवार

पूलच का? — सैन्याच्या भरती कार्यालयातल्या बाईंनी आज विचारलं. खरं सांगायचं तर हे लिहितानाही उत्तर येत नाही.

बाई गणवेशात, केस करकचून बांधलेले, पण बोलणं शेजारच्या काकूसारखं. लेखी परीक्षेत एवढे चांगले गुण आहेत की हवी ती शाखा, हवं ते काम मागता येईल, म्हणाल्या. "पदवीधर आहेस. लिपिक हो, लेखा विभाग घे, संदेश विभाग घे. आणि मागतेस काय, तर पूल बांधणारी तुकडी! तिथे लोखंड उचलतात, बाळा."

"मला देशाची सेवा करायची आहे."

"ती लिपिकही करतात."

"धाडसाचं काम हवंय."

"धाडस? आमच्या मोठ्या साहेबांची सही मिळवून दाखव एकदा!"

मी हसले. चिडलेसुद्धा.

पुराचं त्यांना सांगितलंच नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा, कॉलेजकडे जाणारा पूल वाहून गेलेला, आणि सैनिकांनी एका दिवसात लोखंडी पूल उभा केला. सहा-सहा जण मिळून एकेक चौकट उचलून आणायचे. एक जण आवाज द्यायचा, बाकीचे एकदम पाऊल टाकायचे. त्यात एक बाईही होती, चिखलात गुडघ्यापर्यंत. मी त्यावरून चालत गेले आणि पेपर दिला. पण हे काही कारण झालं नाही. त्या पुलावरून सगळं गाव गेलं, प्रत्येकाला कुठे पूल बांधावासा वाटतो! आभारच मानायचे तर दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या.

निवड पुढच्या सोमवारी सांगायची. बाई म्हणाल्या, "एकदा काम ठरलं की जन्मभर तेच. मध्येच कंटाळा आला म्हणून कोणी बदलून देत नाही. घरी बोल."

घरी बोल! तिथेच तर खरी लढाई आहे.

५ मार्च, बुधवार

मामा आला होता. मामा सैन्यातून निवृत्त झालेला — स्वयंपाकी होता, पण गल्लीत ऐट सेनापतीची. आल्या आल्या त्याने माझ्या आयुष्याची फाळणी केली. भूदल, नौदल, हवाई दल.

"नौदल बाद. झोपाळ्यावर बसली तरी हिला मळमळतं."

"हवाई दल चांगलं," आई म्हणाली. "स्वच्छ असतं म्हणे."

"अगं ताई, विमान धुवायला लावलं तर?"

"मग भूदलात काय करते? चिखलच ना?"

"भूदलात कोठार!" मामाने मांडीवर थाप मारली. "कोठारात कोरडं असतं, सावली असते, आणि ज्याच्या हातात किल्ली त्याला सगळे नमस्कार करतात. साहेबसुद्धा!"

 मी म्हटलं, "पूल बांधणार." मामा हसत सुटला. "तू? चौकटीखाली दिसशील तरी का?" मी उठून पाण्याने भरलेला मोठा हंडा मोरीपासून दारापर्यंत नेऊन ठेवला आणि परत नेला. घाम फुटला, पण चेहऱ्यावर दाखवला नाही. मामा म्हणाला, "बरं बाई, दिसशील."

 बाबा मात्र हंड्याकडे नाही, माझ्या कमरेकडे बघत होते.

६ मार्च, गुरुवार

आज बाबा बोलले. बूट घालताना. म्हणजे आई घालून देत होती — बाबांना आता वाकून नाडी बांधता येत नाही. आयुष्यभर लोकांची घरं एका जिन्यावरून उतरवली आणि दुसऱ्या जिन्यावर चढवली. कपाटं, पलंग, फ्रिज. खांद्यावर पट्टा आणि पट्ट्याखाली माणूस.

"मी ओझी उचलली ती तुला उचलायला लागू नयेत म्हणून," ते म्हणाले. "पदवी घेऊन पुन्हा तेच करणार?"

"पदवीने माझे हात काढून घेतले का?"

"तोंड मात्र दिलं," आई नाडी ओढत म्हणाली.

बाबा हसले नाहीत. "तुला वाटतं, ताकदीचा प्रश्न आहे. ताकद सगळ्यांनाच असते गं. पाठ एकच असते."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून माझं मत बदलत नाही, हेही लिहून ठेवते. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे मला नेहमी खुर्चीत बसवतात. पाहुणे आले की मी खुर्चीत, आई जमिनीवर! मला खुर्चीचा कंटाळा आलाय. मी शिकले ते उठून कुठेतरी जाण्यासाठी.

१० मार्च, सोमवार

सांगितलं. भूदल. पूल बांधणारी तुकडी.

बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा जरा जोरात झालं. बाहेर रांगेतली मुलं बघायला लागली. बघू देत!

घरी सांगितलं तेव्हा आईने फक्त "बरं" म्हटलं. बाबा जेवून लगेच आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

१३ मार्च, गुरुवार

वैद्यकीय तपासणी. डोळे, कान, दात, छाती, सगळं उत्तम. वजन उचलायला लावलं, उचललं. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पाठ कधी दुखते का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं. "नक्की?" मी पुन्हा म्हटलं, नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, "दुखायला हवी आहे का?"

ते म्हणाले, "उद्या बाईंना भेटा."

असं का? बाकीच्यांना तिथल्या तिथे सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार

पेनाचं टोक कागदात घुसतंय. रागाने.

बाईंनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझे वडील येऊन गेले. मंगळवारी."

"माझे?"

"भला माणूस. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, पोरीची पाठ माझ्यासारखीच आहे, दोनदा धरली आहे, ती सांगणार नाही. तिला हलकं काम द्या."

माझी पाठ! कधी धरली? कोणत्या साली? हे मी मोठ्यानेच विचारलं. बाईंना खोटं कळलं असावं, पण म्हणाल्या, "आमच्याकडे एकदा नोंद झाली की झाली. आता पूल नाही. जड काम असलेली कुठलीही तुकडी नाही. दुसरं काही देता येतं का ते उद्या सांगते, नाहीतर तू अपात्रच."

घरी आले. बाबा चहा पीत होते. मी चप्पलही काढली नाही.

"काय सांगितलंत तिथे?"

त्यांनी कप खाली ठेवला. पण लाजले नाहीत, उलट चेहऱ्यावर आशा! "मग? दिलं का दुसरं काम?"

"बाबा, तुम्ही खोटं बोललात!"

"तुझ्या भल्यासाठी —"

"अपात्र ठरवतायत मला! कायमची!"

तेव्हा त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. त्यांना हे माहीतच नव्हतं. "पण आमच्याकडे तर..." ते म्हणाले. "गड्याने पाठ धरली म्हणून सांगितलं की मुकादम त्याला काचसामान बांधायला बसवतो. कप, बश्या, आरसे. कागद गुंडाळायचा आणि खोक्यात ठेवायचं. कोणी घरी नाही पाठवत गं. मला वाटलं, तिथेही कोणीतरी मुकादम असेलच."

मोठ्याने ओरडायचं होतं. त्याऐवजी मोरीत जाऊन तोंड धुतलं. खूप वेळ.

माझी पाठ माझी आहे. माझ्या परवानगीशिवाय ती कोणी मोडलेली ठरवायची नाही. सैन्यानेही नाही, बाबांनीही नाही.

१५ मार्च, शनिवार

बाईंना भेटून आले. वाटा दोनच.

एक — लिपिक. त्या कामाला पाठीची नोंद आड येत नाही. जागा राखून ठेवली आहे, शुक्रवारपर्यंत हो म्हणायचं, पुढच्या महिन्यात प्रशिक्षण सुरू.

दोन — नोंदीविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे जायचं. मग लिपिकाची जागा पुढच्या मुलीला. मंडळ बाबांना बोलावणार, समोर उभं करून विचारणार, खोटं का बोललात. आणि मंडळाने नाही म्हटलं तर सैन्याचं दारच बंद. कुठलीच शाखा नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. मामाही होता. "लिपिक! अगं, खुर्ची, पंखा, आणि साहेबांचा चहा तुझ्या टेबलावरून आत जातो! यात रडण्यासारखं काय आहे?"

बाबा म्हणाले, "मी येतो मंडळापुढे. सांगतो, खोटं बोललो."

"दाजी, गणवेशातली चार माणसं तुम्हाला झापतील."

"झापू देत. मुकादम काय रोज ओवाळतो का?"

कोणीच हसलं नाही. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू आत्ताच कोणीतरी नाव पुकारणार आहे.

त्यांना तसं उभं करून मी माझा पूल मिळवायचा? माझ्याच्याने होणार नाही.

१६ मार्च, रविवार

हो म्हटलं. घरी. "लिपिक होते" म्हटलं.

आईने गोड केलं. मामाने गल्लीभर सांगितलं. बाबा आज कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलले. मुकादमाला फोन लावून म्हणाले, "पोरगी सैन्यात ऑफिसात बसणार!" ऑफिसात या शब्दावर एवढा जोर की शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल.

सगळे खूश आहेत. मीही होणार. प्रयत्न करते.

१७ मार्च, सोमवार

जमत नाहीये.

१८ मार्च, मंगळवार

लिपिक. लिपिक. लिपिक. तीनदा लिहून बघितलं. अक्षर सुंदर आलंय — तीच तर पंचाईत आहे!

१९ मार्च, बुधवार

आज स्वतःला खडसावून विचारलं. लिपिकाचं काम कमी आहे का? नाही. बाईंच्या टेबलावर बसलेली लिपिक मुलगी तरतरीत आहे, तिच्यावाचून तिथलं पान हलत नाही. तिने ते मागून घेतलं असेल तर तिला माझा सलाम. पण मी मागितलेलं नाही. माझ्या पाठीला रोग आहे म्हणून मला तिथे ठेवतायत, आणि तो रोग नाहीच आहे. रोज सकाळी त्या खुर्चीत बसायचं म्हणजे रोज सकाळी त्या खोट्यावर सही करायची. जन्मभर!

आणि बाबांनाही ते रोज पचवावं लागेल. आज ते आनंदात आहेत, कारण मी गप्प आहे. माझ्या गप्प बसण्याला आपण सगळे मिळून माया म्हणतोय.

पूलच का, ते मला अजून सांगता येत नाही. नाही तर नाही! हवं ते मागायला कारण पाठ असावं लागतं, असं कोणी ठरवलं? मामाला कोठार का आवडतं ते कोणी विचारलं होतं?

२० मार्च, गुरुवार

लिपिकाची जागा सोडून आले. सकाळी, दार उघडायच्या आधीपासून उभी होते. बाईंना म्हटलं, "मंडळापुढे मी एकटी येईन. माझी पाठ तपासा, माझ्या वडिलांची मान झुकवू नका." त्या म्हणाल्या, "मग वडिलांच्या साक्षीऐवजी सगळ्यांसमोर, पाच जणांबरोबर, चौकट उचलून दाखवावी लागेल. संधी एकच. आणि ही जागा आत्ता, या क्षणी गेली." मी म्हटलं, "जाऊ द्या." त्यांनी माझ्यासमोरच पुढच्या मुलीला फोन लावला. पलीकडून ती आनंदाने किंचाळलेली मलाही ऐकू आली.

घराच्या जिन्यात बसून हे लिहितेय. आत ताटं मांडल्याचा आवाज येतोय. बाबा विचारतायत, आली का गं ती. अजून कोणाला माहीत नाही. आता आत जाते आणि सांगते.