कागदापुरता नवरा

४ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं आज मला मागणी घातली! जिन्यात! माझ्या हातात कचऱ्याची पिशवी, त्याच्या हातात दुधाची. म्हणाला, "तुमच्याकडे कागद नाहीत, माझ्याकडे आहेत. लग्न करू. तुम्हाला इथं राहता येईल."

मी म्हटलं, "आणि तुम्हाला काय मिळणार?"

"भांडायला माणूस."

गोवऱ्या मसणात गेल्या आणि ह्याला बाशिंग सुचतंय! दार आपटून आत आले. मग स्वयंपाकघरात एकटीच खुदखुदत बसले. दूध उतू गेलं.

५ फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. ती तर नाचायचीच बाकी! "आई, सोन्याहून पिवळं! कागदापुरतं कर. कागद आले की मोड."

हिच्याच बाळंतपणाला या परक्या देशात आले होते मी, तीन महिन्यांच्या परवान्यावर. परवाना संपला, मी राहिले. ही कामावर, बाळाला कोण बघणार? ते बाळ आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालंय आणि मलाच "सावकाश चढ, आजी" म्हणतं. लेकीचे स्वतःचे कागद अजून कच्चे. ते पक्के होईपर्यंत तिला माझ्यासाठी अर्ज करता येत नाही. तोवर मी पकडले गेले तर थेट बाहेर. परत पाऊल ठेवू देणार नाहीत. मग लेक नि नात फोनच्या काचेतच बघायच्या. ते मला जमायचं नाही.

एवढ्यासाठीच. नाहीतर नवऱ्याची हौस माझी पहिल्या वेळीच फिटली होती.

१९ फेब्रुवारी

झालं लग्न. कचेरीत. उभ्या उभ्या. खिडकीतल्या बाईनं विचारलं, अंगठी? म्हाताऱ्यानं खिशात हात घालून काढली — पडद्याची कडी! नात हसून हसून खालीच बसली. लेक मला चिमटे काढतेय, "आई, हसू नको, गंभीर राहा." कशी राहू? दात आत जाईनात!

२० फेब्रुवारी

ट्रंक घेऊन वर आले. नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का, ते बघायला सरकारी साहेब येतात म्हणे. मला आतली खोली दिली. म्हातारा बाहेर कोचावर. घोरतो. भिंत हलते.

१ मार्च

लेकीच्या वकीलबाईंनी सांगितलंय, एकमेकांची सगळी माहिती पाठ पाहिजे. नात साहेब झाली. माझीच ओढणी गळ्यात टायसारखी बांधून बसली.

"आजीबाई, नवऱ्याला चहात साखर किती लागते?"

"मी घालीन तेवढी."

"असं नाही बोलायचं गं!"

म्हातारा म्हणतो, "बरोबर आहे उत्तर. लिहून घ्या साहेब."

त्याला पाठ झालंय की मी हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करते, पाय गार पडल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि माझ्याशी सकाळी चहाच्या आधी बोलायचं नाही. मला पाठ झालंय की तो दाढी करताना गातो, बेसूर. जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या, पण स्वतःचा चष्मा दिवसातून दहा वेळा हरवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "ती कमी भांडायची." एवढंच.

८ मार्च

म्हातारा डबा घेऊन हॉटेलच्या मागच्या दाराशी हजर! माझ्याबरोबरच्या इस्त्रीवाल्या मेल्या शिट्ट्या मारत सुटल्या. चादर भाजली माझी.

१५ मार्च

खिडकी उघडी की बंद, यावरून तासभर भांडलो. फार बरं वाटलं.

२२ मार्च

मातीत घातलं सगळं! मीच!

सकाळी बेल वाजली. मी केर काढत होते. दार उघडलं. तरुण साहेब, गळ्यात ओळखपत्र. विचारतो, "इथं कोण कोण राहतं?"

आणि माझं तोंड आपलं आपणच सुटलं. "मला काही माहीत नाही. मी इथं राहत नाही. झाडायला येते."

लेकीनं वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं वाक्य! दारात अनोळखी माणूस दिसला की हेच. झोपेतून उठवलं तरी हेच सांगेन. जन्मात पहिल्यांदा "मी इथं राहते" म्हणायचं होतं, तर हे!

साहेबानं लिहून घेतलं.

मी म्हटलं, "अहो नाही नाही, बायको आहे मी! ह्या घरची!"

"आत्ताच तर म्हणालात..."

तेवढ्यात आतून म्हातारा ओरडला, "अगं, चष्मा कुठं टाकलास माझा?"

"कपाळावर बघा! माझ्या डोळ्यांनी किती दिवस बघणार?"

साहेब हसला. पण लिहिलेलं खोडलं नाही. आतल्या खोलीत गेला. पलंगावर एकच उशी. बाहेर कोचावर दुसरी, चादर, पांघरूण. तेही लिहिलं. "धन्यवाद" म्हणून निघून गेला.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. मग म्हातारा म्हणतो, "झाडायला येतेस? मग पगाराचं काय ते आधी ठरवायला हवं होतं."

इतकं हसलो, इतकं हसलो की शेजारणीनं भिंत ठोकली. हसण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. तरी.

९ एप्रिल

पत्र आलं. लग्न दिखाऊ वाटतं, खरं असल्याचा पुरावा द्या, नाहीतर निघा. लेक रडली. मी म्हटलं, डोळे पूस, मला कामाला उशीर होतोय. दिवसभरात चार चादरी उलट्या बाजूनं घडी केल्या.

११ एप्रिल

म्हाताऱ्यानं कोच विकला!

कामावरून येते तर बाहेरची खोली रिकामी. फरशीवर कोचाच्या पायांचे डाग तेवढे.

"हे काय?"

"तपासणीला अडचण होते त्याची."

"मग झोपणार कुठं?"

"तू सांग," म्हणाला. आणि कान लाल! या वयात! माझेही झाले असतील. आरशात बघितलं नाही.

१३ एप्रिल

घोरणं जवळून तेवढं मोठं नाही वाटत.

१९ एप्रिल

ह्यांच्याबरोबर बाजारात गेले. भर रस्त्यात, पोलिसासमोरून! मी सवयीनं तोंड पदरात घालायला लागले, तर ह्यांनी हात धरला. हात असा धरतात जशी काही मी काचेची आहे. मी म्हटलं, "पडणार नाही मी." म्हणाले, "मी पडेन."

इतकी वर्षं ही गल्ली मी खाली बघूनच चालले. वर बाल्कन्या आहेत, माहीतच नव्हतं! एका बाल्कनीत पोपट. शिव्या देतो.

२८ एप्रिल

लेकीचे कागद पक्के झाले. धापा टाकत वर आली. अर्ज अर्धा भरूनच आणला होता. "आई, सुटलीस! आता मीच तुझ्यासाठी अर्ज करते. वकीलबाई म्हणाल्या, आधी हे लग्न मोडायचं. मग सगळं सरळ आहे. हे ठेवलंस तर याचा संशय त्या अर्जालाही लागेल, दोन्हीकडून बुडशील." आणि लागली की माझी ट्रंक ओढायला.

हे खिडकीशी उभे होते. पाठ करून. म्हणाले, "बरोबर बोलतेय ती. जा."

मी अर्ज हातात घेतला. विवाहित की एकटी, असं विचारलं होतं. लेकीनं "एकटी"वर खूण केली होती.

"खोड ते," मी म्हटलं.