पोटुशीला कसल्या गोळ्या?

आष्टी,
१२ जून २०२४

प्रिय विजूताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. टँकर सुरू झालाय. माजलगावला धरणात पाणी आहे का? बाळ आता पोटात चांगलं हलतं.

तू फोनवर विचारलंस, "धने, पोटुशीला कसल्या गोळ्या? तुझी सासू सांगत होती." मी म्हणाले, रक्तवाढीच्या. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणून.

त्या रक्तवाढीच्या नाहीत, ताई.

सासूबाईंना पिठाच्या डब्यामागं गोळ्यांची डबी सापडली. त्यांना वाटलं, मी मूल पाडतेय. "कुणाचं हाय म्हणून पाडतीस?" असं म्हणत त्यांनी माझ्यादेखत डबी न्हाणीच्या चुलीत टाकली. हे तिथंच बसले होते. ह्यांना सगळं माहीत होतं, तरी गप्प.

दिवस गेल्यावर दवाखान्यात माझं रक्त तपासलं, तसं ह्यांचंही तपासलं. माझ्यात काही निघालं नाही. ह्यांच्यात एचआयव्ही निघाला. ट्रकवर असताना कुठं, कधी, विचारलं तर म्हणाले, "मला काय ठावं?" डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "नवऱ्यानं रोज औषध घ्यायचं. त्यांचा आजार दबेपर्यंत तुला लागू नये म्हणून तू ही गोळी घे, बाळाला त्रास नाही."

मी घेत होते. पण तो घेतो का? (हो, आता तोच म्हणते.) गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा आणि लगेच बाहेर. एकदा मागोमाग गेले. गोठ्यामागं थुंकला.

"तू घेतीस ना? मग मी कावून घेऊ?" म्हणाला.

तेव्हापासून त्याला जवळ येऊ दिलं नाही. सोमवारी एकटी बीडला गेले. पुन्हा रक्त दिलं. अजून काही नाही. गोळ्या नव्यानं मिळाल्या. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी लेकाकडं बघितलंच नाही. "तूच आणला असशील," म्हणाल्या. नवरा म्हणवणारा बजरंग उठून गोठ्याकडं गेला. आता माझा पेला वेगळा ठेवतात. आजार लेकाला, पेला माझा!

शनिवारी मी तुझ्याकडं येतेय, बाळंतपण होईपर्यंत. गोळी सगळ्यांसमोर घेईन. भावजींना तूच सांगून ठेव. तूही दारात मला खालवर न्याहाळशील का? असा संशय तुझ्यावर घेताना लाज वाटते, पण येतो.

उत्तराची वाट न बघता निघणारी, आजवर निरोगी असलेली,
तुझी धाकटी,
धनश्री