पाठीवरची पिसं

३ ऑक्टोबर, सकाळ
आज पुन्हा खुराड्यापाशी पिसं. पांढरीची पाठ तळहाताएवढी उघडी. तपकिरीची मान मागून सोललेली. पाच कोंबड्यांपैकी चौघींची हीच गत. डोकं फिरलं. सगळी नोकरी गोदामाचा सुपरवायझर म्हणून काढली, खिळ्यांचं खोकं जागचं हललं तरी मला कळायचं. आणि रिटायर झाल्यावर माझ्याच परसात दिवसाढवळ्या लूट.

कोंबड्या हिच्या. अंडी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला जातात, तो हिला ‘मॅडम’ म्हणतो. परसातली शिस्त मात्र माझ्याकडे. त्यासाठीच गेल्या महिन्यात मेजर आणला. काय कोंबडा आहे! छाती पुढे, तुरा ताठ, अंगावरचं एक पीस विस्कटलेलं नाही. तो आल्यापासून परसाला वचक आहे.

ही चहा ठेवता ठेवता म्हणाली, “मला वाटतं, तो...” मी तिथेच तोडलं. म्हटलं, वाटण्यावर चौकशी चालत नसते, पुरावा लागतो.
चहा थंड मिळाला.

५ ऑक्टोबर
ही म्हणते, महिनाअखेरपर्यंत कोंबड्या धड झाल्या नाहीत तर त्यांना उचलून ताईकडे नेणार आणि स्वतःही तिथेच राहणार. ताई म्हणजे माझी मेव्हणी. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूला, आयुष्यात कधी आवाज चढवता आलेला नाही. तो काय कोंबड्या सांभाळणार.
संकल्प: आठवड्यात चोर पकडणे. दुसरा संकल्प: न चिडणे.

६ ऑक्टोबर
संशय शेजारच्या गादीवाल्यावर. हा माणूस दिवसभर उशा शिवतो. कुंपणावरून सहज विचारलं, उशीत काय भरता? म्हणाला, कापूस. इतकं पटकन उत्तर? चोराच्या मनात चांदणं.
दुसरा संकल्प तात्पुरता स्थगित.

८ ऑक्टोबर
गादीवाल्याकडून उशी आणून स्वयंपाकघरातल्या कात्रीने फाडली. कापूस निघाला. म्हणजे त्याला आधीच सुगावा लागला होता.

हिने केसांतला कापूस वेचत एवढंच म्हटलं की कुंपणच शेत खातंय. पहिल्यांदा मुद्द्याचं बोलली. दुपारभर कुंपण तपासलं. तारेत खिंडार सापडलं, मांजर आरामात जाईल एवढं. बुजवताना पँट फाटली. गादीवाला बघत होता. म्हणाला, शिवून देऊ का? निर्लज्जपणाची हद्द.

१३ ऑक्टोबर
जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. पिसं उलटीसुलटी करून पाहिली. उवा नाहीत म्हणाला, रोग नाही. मग विचारलं, कोंबडा आहे का? म्हटलं, आहे, आधी त्यालाच बघा, म्हणजे निरोगी पक्षी कसा दिसतो ते कळेल. डॉक्टरने मेजरकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि दोघंही हसली. पेशंट उघड्या पाठीने हिंडताहेत आणि डॉक्टर हसतो. तो काही सांगायला तोंड उघडणार तोच मी फाटक दाखवलं.
ही त्याला पोचवायला गेली आणि बाहेर बराच वेळ बोलत उभी राहिली. घरात मी रिकामा बसलो होतो, पण बोलायचं परक्याशी.

१४ ऑक्टोबर
सकाळी परसात गेलो तर मेजर डालग्याखाली! वर दगड. हिचं काम. म्हणते, चार दिवस त्याला वेगळा ठेवून बघू. चौकीदाराला डांबून चोरी थांबल्याचं कुणी ऐकलं आहे का? असा आवाज लावला की गादीवाल्याची मशीन थांबली. मेजरला बाहेर काढलं आणि घराच्या वतीने त्याची माफी मागितली.

१७ ऑक्टोबर
उलगडा झाला. मला इतके दिवस दिसलं कसं नाही?
पाचवी कोंबडी, ठिपकेवाली. तिचं एकही पीस गेलेलं नाही. सदा पाण्याच्या टाकीवर जाऊन बसते, जड अंगाच्या मेजरला तिथे उडून जाता येत नाही. तो बोलावतो, ती खाली येत नाही. एकदा जवळ गेला तर त्याच्या तुऱ्यावर चोच मारली. प्रत्यक्ष अधिकाऱ्यावर हात! चौघी उघड्या आणि ती एकटी नटलेली. आणखी पुरावा कशाला हवा?
त्याच डालग्याखाली तिला अटक केली. ही म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. म्हटलं, मी कोंबडी झाकली आहे. नीट बघून बोलावं माणसाने.

२२ ऑक्टोबर
अटकेनंतरही पिसं पडताहेत. म्हणजे टोळी आहे.
बाकीच्या चौघींना दिवसभर खुराड्यातच ठेवायचा निर्णय घेतला. आत पहाऱ्याला मेजर. सकाळपासून भरपूर फडफड आणि किंकाळ्या ऐकू येताहेत. पहारा कडक दिसतो. बऱ्याच दिवसांनी समाधान वाटलं.

२७ ऑक्टोबर
पांढरीच्या पाठीवर जखम. अंडी बंद. बेकरीवाला आला आणि रिकामा ट्रे घेऊन परत गेला. ‘मॅडम, काळजी घ्या’ म्हणाला. मी समोर उभा होतो, मला काही म्हणाला नाही.
हिने पांढरीला मांडीवर घेऊन जखम धुतली. चौघींना मोकळं केलं, ठिपकेवालीलाही सोडलं. मी ओरडलो. नक्की कोणावर ते आता आठवत नाही. बहुतेक सगळ्यांवर.

३१ ऑक्टोबर
गेली. साडू गाडी घेऊन आला होता. पाचही कोंबड्या दोन टोपल्यांत. ठिपकेवालीसुद्धा. आरोपीला पळवून नेणं म्हणतात ते हेच.
म्हटलं, मेजरलाही न्या, तिकडे शिस्त राहील.
ती म्हणाली, “नको. तुम्ही दोघं राहा. तुमचं छान जमतं.”
दाराशी जरा थांबली. मी काहीतरी म्हणावं असं असेल. म्हटलं, गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय?

१६ नोव्हेंबर
साडूचा फोन. चौघींनाही नवी पिसं फुटताहेत, पांढरीची जखम भरली, अंडीही सुरू. विचारलं, उपाय काय केला? म्हणतो, काहीच नाही, नुसत्या हिंडतात. लपवतोय. खरं तर माझ्या कडक पहाऱ्याचा गुण आता दिसतो आहे, चांगलं औषध उशिराच लागू पडतं. पण श्रेय घेणार साडू.
हिला फोन दे म्हटलं. परसात आहे म्हणाला. मागून हिचा हसण्याचा आवाज येत होता.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
दाणे टाकायला वाकलो आणि मेजर मागून पाठीवर चढला. दोन्ही पायांची नखं स्वेटरमध्ये, चोचीत मानेवरची लोकर, वर पंखांची फडफड. झटकला, पुन्हा आला. ओरडलो. त्याला माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडता येतं. पळत घरात आलो.

आरशात पाहिलं. स्वेटरला पाठीवर तळहाताएवढं भोक. मान मागून सोललेली. जागा ओळखीच्या वाटल्या. स्वेटर हिने विणला होता.

फोन केला. सुदैवाने हिनेच उचलला. म्हटलं, त्या दिवशी चहा ठेवताना तू काहीतरी म्हणत होतीस, वाक्य अर्धंच राहिलं. पूर्ण कर.
पलीकडे कोंबड्या कुरकुरत होत्या. मग म्हणाली, “खरंच ऐकून घ्याल?”
“घेईन.”
“अहो, मला वाटतं, तो...”
म्हटलं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

फोन कट झाला. या कंपनीचं नेटवर्क दिवसेंदिवस भिकार होत चाललं आहे. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन चांगलं सुनावतो.
पुढच्या दाराने जावं लागेल. परसात मेजर आहे.