तुमच्या सोफ्याला न शोभणारं झाड

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना दिवसातून एकदाच चढायला सांगितलाय आणि तुम्ही प्रत्येक खेपेला 'ही आजची पहिलीच' म्हणता, असं भाचीने कळवलंय. मी बरी आहे. जेवण जातं, झोप लागते. दुपारी वाचताना मध्येच कोणी उठवत नाही, याची मात्र दोन वर्षं झाली तरी सवय होत नाही.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांनी काढलेलं डोंगराचं चित्र नव्या दिवाणखान्यात लावायचं, पण त्यातलं लाल झाड नव्या सोफ्याशी भांडतं, म्हणून भिंती रंगवायला येणाऱ्या रंगाऱ्याकडून सोमवारी ते हिरवं करून घ्यायचं, असा तुमचा बेत. 'झाड हिरवंच असतं, त्यात विचारायचं काय, तरी विचारते,' असं तुम्ही लिहिलंत. विचारलंत हा तुमचा मोठेपणा. (सोफा घेताना यजमानांना विचारलं नव्हतंत, असं ऐकते.)

मी ऐकून न घेता नाही म्हणणाऱ्यातली नाही. ग्रंथालयातून निसर्गचित्रांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. (शेवटची बारा पानं गायब आहेत, चित्र कधी थांबवायचं ते बहुधा तिथे असावं.) त्यात लिहिलंय की सगळ्यांत उजळ जागा सगळ्यांत गडद जागेला जिथे भिडते तिथे नजर आधी जाते, आणि थंड रंगांच्या घोळक्यात एखादाच उबदार रंग असला तर तिथे जाऊन थांबते. तुमच्या चित्रात पाहणारा खालच्या काळ्या खडकापाशी आत शिरतो, फिकी पायवाट धरतो आणि झाडापाशी पोचतो. मागचे डोंगर निळसर, धूसर ठेवलेत, म्हणजे ते मोठे असूनही गप्प बसतात. (आपल्या घरात हे कोणाला जमलं नाही.)

तरी तुमची बाजू पाहावी म्हणून माझ्याकडे असलेल्या त्या चित्राच्या फोटोतल्या झाडावर हिरव्या कागदाचा तुकडा चिकटवला आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण बघायचं कुठे?" बसा म्हणायला कोणी नसलेल्या पाहुण्यासारखी त्यांची नजर नुसती फिरत होती. मग मी कागद ओढला, तर त्याबरोबर झाडही निघून आलं. डिंक माझ्या हातचा, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? आता फोटोत झाडाच्या जागी पांढरं भोक आहे. बाई म्हणाल्या, "आता कसं, सरळ भोकाकडेच लक्ष जातं." म्हणजे पुस्तक बरोबर आहे. फोटो गेला.

आता एक जुनी गोष्ट कबूल करते. तुमच्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक. जन्मभर पाणीपुरवठा कचेरीत काळ्या शाईने नकाशे काढले, त्यामुळे उजेड-काळोख त्यांचा पक्का होता. रंग माझ्याकडे. ट्यूबवरची नावं दोन दिवसांत माखून जात, मग स्वयंपाकघरात हाक येई, "हे कुठलं गं?" एकतीस वर्षं मी कणकेच्या हातांनी जाऊन सांगत आले. हे झाड रंगवलं त्या दिवशी मी अर्धं वाचलेलं पुस्तक ते मुदत संपली म्हणून परस्पर ग्रंथालयात देऊन आले होते. चौथ्यांदा हाक आली. झाडासाठी हिरवा हवा होता, मी मुकाट्याने लाल दिला. त्यांनी झाड रंगवलं, मागे सरकून पाहिलं आणि म्हणाले, "झाड जमलं." पुढे शाळेतले चित्रकलेचे मास्तर येऊन म्हणाले, "धाडस आहे." ह्यांनी मान लववली. मी चहा टाकायला गेले. नंतर ते होते त्या अकरा वर्षांत सांगायला सवड झाली नाही असं नाही, सांगितलं नाही इतकंच.

तेव्हा झाड मुळात चुकीचंच आहे. तुम्ही वडील, चित्र तुमच्या घरात, करायचं ते करा. माझी काही हरकत नाही.

तुमची धाकटी भावजय

ता. क. त्यांची रंगांची पेटी मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा साफ केली. प्रत्येक ट्यूबच्या झाकणावर चाकूने खाचा पाडलेल्या आहेत. हिरव्याला दोन, लालला तीन, पिवळ्याला एक. झाकणं जुनी आहेत, ट्यूब संपली की तेच झाकण नव्या ट्यूबवर चढवत. मला ती काटकसर वाटायची. अंगठा फिरवला की मलासुद्धा डोळे मिटून रंग कळतो. म्हणजे हातात लाल आलाय हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. आणि मला हाक मारायची गरज कधीच नव्हती.

दुसरी ता. क. हरकत आहे. सोमवारच्या आत चित्र माझ्याकडे पाठवा. बदली ह्यांचंच तळ्याचं चित्र देते, काठापासून काठापर्यंत हिरवं आहे, सोफा खूश होईल. डोंगराचं मी स्वयंपाकघराच्या दारासमोर लावणार आहे. हाक तिथूनच यायची.